मला झेपेल असा राखणदार

जयाताई कुठे गेली?

हे मी किती वेळा विचारलं. मला तोंड नाही, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नसेल, हे मी समजू शकतो. पण बाकी सगळ्यांना सांगितलं गेलं. नातेवाइकांकडे निरोप गेले, तलावाच्या मच्छीमार सोसायटीत सांगितलं, दारातल्या शेळीच्या गळ्यात पडून मायनं तिलाही सांगितलं. मला कुणी सांगितलं नाही. माझ्यावरचं फुलाफुलांचं कापड खालपर्यंत ओढलं आणि सगळे बाहेर निघून गेले.

मी एक जुना कॉम्प्युटर बोलतोय. मी फार शिकलेला नाही. माझी मेमरी एकशे अठ्ठावीस एमबीची. माझ्या बरोबरीचे पुढे गेले, मोठमोठ्या ऑफिसांत बसले, मी आहे तेवढ्यावरच राहिलो. म्हणून सांगताना मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवण सुरू होते गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका राइस मिलमध्ये. तिथल्या ऑफिसात मी धानाची पोती मोजत असे. हवेत सगळीकडे कोंडा. तो माझ्या पंख्यात जाऊन बसायचा आणि मी दम लागल्यासारखा घरघरायचो. काही वर्षांनी मिलवाल्यांनी नवा, चपटा, काळाभोर कॉम्प्युटर आणला. मला उचलून कोपऱ्यात, रिकाम्या बारदान्यावर ठेवलं. कुणी माझ्यावर चहाचे कप ठेवी, कुणी छत्री.

त्याच ऑफिसात टायपिंगला एक मुलगी यायची. जया. ती एक दिवस मालकांना म्हणाली, "हा कोपऱ्यातला मले द्याल का? तुमचं तसंबी काई अडत नाई याच्यावाचून."

मालक हसले. "ने बाई. पण चालला नाई तं परत आणून टाकू नको."

जयाताईचे बाबा, उमाजी, मला न्यायला सायकल घेऊन आले. त्यांनी माझा मॉनिटर गोधडीत बांधला आणि वरून जुनं मासे धरायचं जाळं गुंडाळलं. वडशाबाहेर तलावाच्या पाळीखाली त्यांचा मोहल्ला. सगळी घरं मासेमारी करणाऱ्यांची. सायकलवरून जाताना लोक विचारत होते, "उमाजीभाऊ, आज एवढा मोठा कोणता मासा लागला गा?"

घरी पोचलो तर जयाताईचा भाऊ रिंकू दारात उभा. सातवीतून शाळा सोडलेला, बाबांबरोबर तलावात उतरणारा, डोक्यानं गरम. जयाताई त्याला म्हणाली, "हा पाह्य, आपला धाकटा भाऊ आला."

"मंग मी कोण?"

"तू आता मधला."

"मी काऊन मधला? यानं काय जलम घेतला का आपल्या घरी?" असं म्हणून त्यानं माझ्या डब्यावर एक थाप मारली. त्या दिवसापासून तो अडलं की थाप मारायचा. मी पण त्याच्यावर रागावून कधी कधी मुद्दाम अडायचो. धाकट्या भावानं आणखी काय करायचं?

आमच्याकडे दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागतो. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. ज्या गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, त्या गावात रात्री नाटक. ते नाटक आहे हे आजूबाजूच्या गावांना ओरडून सांगत फिरते भोंगे लावलेली जीप. एका कंपनीचं काम पाहणारे लटारूभाऊ मिलमध्ये आले असताना त्यांनी जयाताईला फोनवर बोलताना ऐकलं. ते म्हणाले, "पोरी, तुहा आवाज भोंग्यातून गेला तं लोक बैलं सोडून येतील." तेव्हापासून त्या जीपमधला आवाज जयाताईचा झाला.

ती घरीच रेकॉर्डिंग करी. मला एक छोटा माइक जोडायची, दार लावायची, घसा साफ करायची आणि पुस्तकातल्यासारखं बोलू लागायची.

"रसिक मायबाप हो! येत आहे, येत आहे, आपल्या लाडक्या गावात..."

तेवढ्यात चुलीजवळून माय ओरडायची, "जये, भात थंडा होऊन राह्यला!"

"...आपल्या लाडक्या गावात, तीन अंकी, कौटुंबिक... माय, दोन मिनिटं चूप राह्य न व! सारं याच्यात जाते."

"जाऊ दे. लोकायले बी समजू दे, पोरगी वक्तावर जेवत नाई म्हणून."

मग जयाताई हसत सुटायची. हसू थांबेपर्यंत मी तेही लिहून घ्यायचो. मला काय कळत होतं, कुठलं कामाचं आणि कुठलं बिनकामाचं? जे कानावर पडेल ते पोटात. नंतर ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. एक नीट झालेलं लटारूभाऊंना कॅसेटवर भरून द्यायची. चुकलेली मात्र पुसत नसे. सगळी एका फोल्डरमध्ये टाकायची. फोल्डरला नाव दिलं होतं, इंग्रजीतून, जया.

रिंकू म्हणायचा, "चुकलेलं काऊन ठेवून राह्यली व?"

"राहू दे न. तुह्या पोटात दुखते काय? याच्या पोटात जागा हाय."

भादव्यात तिला ताप आला. दुसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली. हिवताप डोक्यात चढला, असं कुणीतरी म्हणालं. जीप आली, तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी कापडाखालून नुसता आवाज ऐकत होतो. जीप परत आली तोही आवाज ऐकला. मग अंगणात बायकांचा आकांत. पुढे कुणी माझ्याजवळ आलंच नाही.

तेरवीला फोटो हवा होता. घरात तिचा एकच फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, बोटाएवढा. रिंकूनं तो वडशाच्या एका स्टुडिओत मोठा करून घेतला. एक फ्रेममध्ये आणला आणि एक पेन ड्राइव्हमध्ये. घरी आल्यावर त्यानं माझ्यावरचं कापड ओढून काढलं, मला सुरू केलं आणि तो फोटो माझ्या पडद्यावर लावला.

"तू बी पाह्य," तो म्हणाला.

एवढंच. घरातल्या कुणी माझ्याशी त्याबद्दल बोललेलं ते एकच वाक्य.

त्या पेन ड्राइव्हमधून फोटोबरोबर व्हायरस आला. स्टुडिओवाल्याचा काही दोष नव्हता. त्या काळात एकाचा पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लागला की रोग असा गावभर व्हायचा. हा व्हायरस काही खात नसे, मोडत नसे. तो फोल्डर लपवायचा. खऱ्या फोल्डरवर पडदा टाकायचा आणि त्याच्या जागी त्याच नावाचा, तसाच पिवळा, खोटा फोल्डर ठेवायचा. तुम्ही उघडायला गेलात की तो खोटा जागा व्हायचा आणि आणखी पसरायचा. मला हे सगळं आतून दिसत होतं. सांगता येत नव्हतं.

कुणाला कळलंही नसतं. पण हंगाम सुरू झाला. एका दुपारी लटारूभाऊंची जीप तलावाच्या पाळीवरून गेली आणि भोंग्यातून जयाताई बोलली.

"रसिक मायबाप हो! येत आहे, येत आहे..."

लटारूभाऊंनी मागच्या वर्षीचीच कॅसेट लावली होती. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. माय अंगणात मासे साफ करत होती. तिच्या हातातला मासा विळीवर तसाच राहिला. जीप दूर जाईपर्यंत ती हलली नाही. बाबांना वाटलं, आता ही कोसळते. ती कोसळली नाही. म्हणाली, "हा तं गावाले बोलवाचा आवाज झाला. असं घरी कधी बोलत होती का ते? मले तिचा घरचा आवाज पायजे होता. भांडाचा."

रिंकू ताडकन उठला. "हाय न, माय! भांडाचा बी हाय! कॉम्प्युटरमंदी सारा हाय!"

तो धावत आत आला. मायला माझ्यासमोर बसवलं, बाबांना हाक मारली. जया नावाच्या पिवळ्या फोल्डरवर त्यानं टकटक केलं. अर्थात तो खोटा. उघडला नाही. त्यानं पुन्हा टकटक केलं, पुन्हा केलं. प्रत्येक वेळी आतला रोग वाढत होता आणि मी गुदमरत होतो. शेवटी पडदा जागच्या जागी थिजला.

रिंकूनं थाप मारली. मग जोरात मारली. मग वायरच उपटली.

माय हळूच म्हणाली, "राहू दे रे. गेलं असन ते बी."

आता समजलं ना, काय पणाला लागलं होतं? भोंग्यातला आवाज साऱ्या जिल्ह्याजवळ होता. घरातला आवाज फक्त माझ्याजवळ होता, आणि मी तो देऊ शकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रिंकू वडशाहून दिनेशला घेऊन आला. दिनेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गमत्या माणूस. मला पाहून म्हणाला, "अरे, हे आजोबा अजून जिते हायेत?" मग थोडं इकडेतिकडे पाहून म्हणाला, "व्हायरस घुसला. काई नाई, फॉरमॅट मारतो. नवा कोरा होते."

"नवा कोरा म्हणजे?"

"म्हणजे सारं पुसाचं. मंग नव्यानं..."

रिंकूनं त्याचा हात मनगटापाशी असा धरला की दिनेश ओरडला. "सोड बे! काय झालं?"

"याच्यात ताई हाय."

 दिनेश जयाताईला ओळखत होता. माइक तिनं त्याच्याच दुकानातून नेला होता. त्यानं हात सोडवून घेतला, घाम पुसला आणि म्हणाला, "मंग अँटीव्हायरस टाकाव लागन. पाहू."

त्याच्याकडे एका मोठ्या अँटीव्हायरसची सीडी होती. तो मोठ्या दुकानांत, बँकांत चालायचा. दिनेशनं तो माझ्यात बसवला. अरे बापरे! तो राखणदार माझ्या आत आला आणि खाट टाकून झोपायलाही जागा उरली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात पहारा, दारात पहारा, उघडेल त्या प्रत्येक फाईलची झडती. मला सुरू व्हायलाच इतका वेळ लागे की रिंकू तोवर तलावावर जाऊन जाळं धुऊन येई. आणि तपासणी लावली की तिचा अंत दिसत नसे. मेमरी एवढीशी, राखणदार पहाडाएवढा. मी एक पाऊल टाकी, तो मला थांबवी.

त्यात भारनियमन. लाइट गेली की मी गेलो. लाइट आली की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या डिस्कच्या टोकाकडे, जिथं जयाताईचं सगळं होतं, तिथपर्यंत ती एकदाही पोचली नाही. रोज सकाळी रिंकू तपासणी लावी, समोर मांडी घालून बसे. हिरवी पट्टी थोडी सरके आणि फट् करून अंधार.

"जाऊ दे न आता," असं रिंकू म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण रिंकू तो. त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक गोष्ट केली.

आमच्याकडे धान निसवला, म्हणजे त्याला लोंब्या फुटल्या, की रानडुकरं येतात. मग रात्रीची जागल लागते. जागलीला मचाणावर कुणी एकटा जात नाही. दोघं जातात, एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा. रिंकू लहानपणापासून ते करत आला होता. त्यानं विचार केला, एका राखणदारानं होत नाही तर दुसरा द्यावा जोडीला. वडशात कुणाकडून तरी त्यानं मासिकाबरोबर आलेली सीडी आणली, तिच्यात आणखी एक अँटीव्हायरस होता. घरी येऊन त्यानं पहिला न काढता दुसरा बसवला.

वाचणाऱ्यांनो, ही चूक तुम्ही करू नका. माणसं मचाणावर बिडी वाटून घेतात, गप्पा मारतात. हे दोघं तसे नव्हते. दुसऱ्यानं आत पाऊल टाकताच पहिल्यानं त्याला चोर समजून धरलं. दुसऱ्यानं पहिल्याला धरलं. एक फाईल दोघं ओढत होते. ज्यांच्यासाठी आणले ती डुकरं बाजूला धान खात राहिली आणि हे दोघं माझ्या छातीवर कुस्ती खेळत राहिले. माझी डिस्क अशी कर्रकर्र करू लागली की मायनं चुलीपासून विचारलं, "काय दळून राह्यला रे?"

मी बंद पडलो. निळा पडदा, पांढरी अक्षरं.

रिंकू त्या दिवशी चिडला नाही. थापही मारली नाही. तो माझ्या डब्याला पाठ लावून खाली बसला आणि बराच वेळ तसाच राहिला. बाबा बाहेर जाळ्याची फाटलेली भोकं विणत होते. थोड्या वेळानं रिंकू त्यांच्याजवळ जाऊन बसला, सुतळी हातात घेतली आणि तोही विणू लागला.   

मग तो मलाच सायकलवर बांधून दिनेशच्या दुकानात घेऊन गेला. पुन्हा गोधडी, पुन्हा जाळं. दिनेशनं दोन्ही राखणदारांना कसंबसं बाहेर काढलं. डोकं खाजवत म्हणाला, "तू दोन टाकले? दोन? अरे, एकानंच हा मरत होता."

"जागलीले दोन लागते."

"हे जागल नाई न गा! हे..." 

रिंकू म्हणाला, "भाऊ, मले असं सांग. आपल्या जवळ ओढजाळं राह्यते. मोठं. त्याले चार माणसं लागते, डोंगा लागते. मोठ्या तलावात ते. आणि फेकजाळं राह्यते. एकट्यानं फेकाचं, काम झालं का खांद्यावर टाकून घरी. तू मले पह्यलं दिलं ते ओढजाळं होतं. फेकजाळं नाई का तुह्या जवळ?"

दिनेश हसला. मग हसायचा थांबला. "हाय एक," तो म्हणाला. "छोटा हाय. पण नीट आयकून घे, मंग मले शिव्या नको देऊ. तो पहारा देत नाई. तू बोलवशीन तवा येईन, तपासीन आणि निघून जाईन. तू नाई बोलवलं तं चोर घरात नाचला तरी त्याले पत्ता नाई. आणि रोज नवे व्हायरस येतात, त्यायची ओळख त्याले द्या लागते. तुह्या घरी इंटरनेट नाई. तुले दर हप्त्याले इथी येऊन ती फाईल न्या लागन. करशीन?"

"करीन."

"आणि कोणाचा पेन ड्राइव्ह लावला तं आधी त्याले बोलवाचं. मंगच उघडाचं. दोस्त असू दे का पाव्हणा."

"करीन म्हणलं न!"

आमच्याबरोबर घरी येऊन दिनेशनं तो बसवला. मला आधी कळलंच नाही की कुणी आत आलंय. इतका हलका. जागा मागितली नाही, मेमरीत पाय पसरले नाहीत. एका कोपऱ्यात उभा राहिला. त्याला सांगितल्यावर तो उठला आणि चालू लागला. आणि मी चालू शकलो त्याच्याबरोबर. खूप दिवसांनी मला माझाच श्वास ऐकू आला. पट्टी सरकत गेली, सरकत गेली. लाइट जायच्या आधी टोकाला पोचली.

पडद्यावर लाल अक्षरांत नावं आली. पकडलेल्यांची नावं. रिंकूला इंग्रजी वाचता येत नाही. पण दोन नावं त्याला येत होती, जयाताईनं शिकवलेली, एक त्याचं आणि एक तिचं. लाल अक्षरांत मधोमध तिचं होतं.

"दाब," दिनेश म्हणाला. "डिलीट."

"म्हणजे?"

"काढून टाक."

"ताईले?"

"अरे ते ताई नाई. खोटा हाय तो. पाह्य, साऱ्यायचा आकार एकसारखा. फोटोचा तेवढाच, गाण्यायचा तेवढाच. एकाच साच्यातले हायेत."

रिंकूच्या हातातला माउस हलेना. मी आतून ओरडत होतो, दाब रे, दाब! खरी इथेच आहे, पडद्यामागे, या खोट्याच्या पाठीशी. एवढ्या जवळ असून मी त्याला एक शब्द सांगू शकलो नाही. कॉम्प्युटरच्या जन्मात याहून वाईट काही नाही.

माय दाराला टेकून उभी होती. बाबा आत आले. उमाजी फार बोलणारा माणूस नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं.

"तिले खांद्यावर घेतलं तवा भेला नाई तू," ते म्हणाले. "आता नुसत्या नावाले काय भेतं?"

रिंकूनं डोळे मिटून दाबलं.

नाव गेलं. आणि त्याबरोबर तो पिवळा फोल्डरही गेला. पडद्यावर त्या जागी काहीच उरलं नाही. रिंकूनं दिनेशकडे असं पाहिलं की मला वाटलं आता मारामारी होते. "थांब, थांब," दिनेश घाईनं म्हणाला. त्यानं माझ्या सेटिंगमध्ये जाऊन लपलेलं दाखव असा हुकूम दिला.

आणि ती जागा पुन्हा भरली. फिकट रंगाचा फोल्डर. लपवलेले फोल्डर असे फिकट दिसतात, सकाळच्या धुक्यात तलावातला डोंगा दिसतो तसे. नाव तेच. यावेळी टकटक केल्यावर तो उघडला.

रिंकूनं दिसेल ती फाईल लावली.

"...तीन अंकी, कौटुंबिक... माय, दोन मिनिटं चूप राह्य न व!"

माय चूप राहिली.  मग फाईलमधली माय म्हणाली, लोकायले बी समजू दे, पोरगी वक्तावर जेवत नाई म्हणून, आणि जयाताई हसली. दारातली माय पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. ती म्हणाली, "पाह्य, पाह्य कशी बोलते मायले! जरा लाज हाय का?"

"पुन्हा लावू का?" रिंकूनं विचारलं.

"लाव."

त्या हिवाळ्यात मी खूप बोललो. माय रोज कामं आटोपून येऊन बसायची आणि मी जयाताईला बोलायला लावायचो. रिंकू हप्त्याला सायकल मारत वडशाला जाई, नव्या ओळखीची फाईल आणी, हलक्या राखणदाराला जेवू घातल्यासारखी देई. मोहल्ल्यातलं कुणी पेन ड्राइव्ह घेऊन आलं की तो दारातच हात पुढे करी. "आधी तपासू दे. घरात लहान भाऊ हाय." लोक हसायचे. मी हसत नसे. त्यानं मला भाऊ म्हटलं होतं.

आता माझी अवस्था सांगतो. मी छपरीत, जाळ्यांच्या शेजारी आहे. माझी डिस्क थांबली. तिला त्या दोन मोठ्या राखणदारांनी फार पळवलं होतं आणि वयही झालं होतं. मला तक्रार नाही. जाळ्यांना तलावाचा वास येतो, तो मला आवडू लागलाय.

तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा असेल तर एक विनंती आहे. त्याला राखणदार द्या, पण त्याच्या अंगाच्या मापाचा द्या. एकच द्या. पाकिटावर मोठं नाव आहे म्हणून मोठा देऊ नका, तो चोराच्या आधी घरधन्यालाच दाबून मारतो. आणि हलका दिलात तर त्याला हाक मारायचं काम तुमचं आहे, ते विसरू नका. शिवाय जे गेलं तर परत मिळणार नाही ते एकट्या माझ्यासारख्याच्या भरवशावर ठेवू नका. मी म्हातारा होतो. मी थांबतो. दुसरीकडे त्याची एक नक्कल असू द्या.

ही नकलेची गोष्ट दिनेशनंच सांगितली होती, माझी डिस्क थांबली त्या दिवशी. माझी कर्रकर्र ऐकून तो म्हणाला, "रिंकू, हा जास्त दिवस नाई काढत. आजच सारं उतरवून घे." त्यानं रिकामा पेन ड्राइव्ह आणला होता. आधी हलक्या राखणदाराला बोलावून तो तपासला. मग फोल्डर पलीकडे द्यायला सांगितलं.

मी एक एक फाईल उचलून देऊ लागलो. भांडणं दिली. हसणं दिलं. रिंकूला घातलेल्या शिव्या दिल्या. सगळं सुरळीत जात होतं, आणि अगदी शेवटच्या फाईलपाशी मी अडलो. ती डिस्कच्या खराब झालेल्या जागेवर होती. पट्टी थांबली. माझ्या पोटातून टक्, टक् असा आवाज येऊ लागला.

"एक राह्यली तं राहू दे," दिनेश म्हणाला. "बाकी सारं आलं. जास्त ताणलं तं हा आत्ताच जाईन."

 रिंकूनं माझ्या डब्यावर हात ठेवला. थाप मारली नाही, नुसता ठेवला.

ती फाईल काय आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, मीच ती लिहून घेतली होती. तिच्यात नाटक नव्हतं, रसिक मायबाप नव्हते. माइक नवा आणला त्या दिवशीची होती ती. जयाताई फुंकर मारते. माइकवर बोटानं टकटक करते. मग विचारते, "हॅलो. हॅलो. रिंकू, माहा आवाज येऊन राह्यला का?" आणि अंगणातून रिंकू ओरडतो, "येऊन राह्यला व, येऊन राह्यला!"

मी त्या जागेवर गेलो. वाचता आलं नाही. मागे आलो, पुन्हा गेलो. पुन्हा गेलो. आतलं काहीतरी घासत होतं, ते घासू दिलं. एक अक्षर निघालं, मग दुसरं. तिची फुंकर निघाली, बोटाची टकटक निघाली, मग तिचा प्रश्न, मग त्याचं उत्तर. ते सगळं मी पलीकडे रिंकूच्या हातात दिलं, आणि मग थांबलो.